सरासरीचा महिना

"महिन्याला तुमचा खर्च किती होतो हो?"

प्रश्न दिसायला साधा आहे. पतसंस्थेचे मॅनेजर तो विचारतात, विम्याचा एजंट विचारतो आणि पंगतीत शेजारी बसलेले दूरचे पाहुणेही विचारतात. आपण प्रत्येकाला निराळे उत्तर देतो. मॅनेजरांना थोडे कमी करून सांगतो, पाहुण्यांना थोडे वाढवून सांगतो आणि एजंटाला "कसेबसे भागते" म्हणून वाटेला लावतो. खरे उत्तर मात्र आपल्यालाही ठाऊक नसते. निदान मला नव्हते. मी कित्येक वर्षे "बावीस हजार" असे ठणकावून सांगत होतो आणि त्यात दहा हजारांची चूक होती. ती चूक कशी सापडली आणि तिच्याबरोबर आणखी काय सापडले, त्याची ही हकीकत.

मी मराठीचा प्राध्यापक. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी तरी सगळे मला प्राध्यापकच म्हणतात. कागदोपत्री मी तासिका तत्त्वावरचा अध्यापक आहे. एम. ए. होऊन वीस वर्षे झाली, वयाची पंचेचाळिशी आली, तरी दरवर्षी नव्याने मुलाखत द्यायची, नव्याने नेमणूक घ्यायची आणि जेवढे तास शिकवले तेवढ्याचे मानधन घ्यायचे. तेही दरमहा मिळत नाही. २०२४-२५ साली ते ३ हप्त्यांत आले : दिवाळीच्या तोंडावर, फेब्रुवारीत आणि मेअखेर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. पाऊस चार दिवस कोसळतो आणि मग महिनाभर दडी मारतो, तशी आमच्या उत्पन्नाची तऱ्हा. खर्च मात्र दूधवाल्यासारखा रोज सकाळी दारात उभा.

ज्याचा पगार एक तारखेला होतो, त्याला सरासरी काढली नाही तरी चालते. महिना संपायच्या आत पैसे संपले की त्याला आपोआप कळते. शेतकरी, मंडपवाला, वाजंत्री आणि तासिकेवरचा मास्तर यांना ही सोय नाही. सरासरी हीच आमची एक तारीख.

२०२४ च्या एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका स्पर्धापरीक्षेच्या क्लासने मला बोलावले. कॉलेज सोडायचे, आठवडाभर व्याकरण शिकवायचे आणि दरमहा ३५,००० रुपये घ्यायचे. मी नाही म्हणून आलो. वर्गात मुलांना कविता शिकवायची सोडून समासाचे पर्याय अ, ब, क, ड करीत बसणे मला जमणार नव्हते. हिशेबही माझ्या बाजूने होता. कॉलेजचे वर्षाचे २,७०,००० रुपये. १२ नी भागले की २२,५००. खर्च २२,०००. म्हणजे ५०० रुपये उरतातच की!

घरी येऊन मी हे मोठ्या रुबाबात सांगितले. सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "अहो, हे बावीस कुठून काढलेत?"

मला उत्तर देता आले नाही.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. रोज रात्री कंदिलाजवळ बसून ते दिवसाचा खर्च लिहीत. त्यांची १९७८ सालची वही आजही आमच्या ट्रंकेत आहे आणि तिच्यातली काडेपेटीसुद्धा स्वच्छ वाचता येते. मीही मधे एक वर्ष हिशेब ठेवला होता, पण मोबाईलमधल्या एका अ‍ॅपवर. ते अ‍ॅप एके दिवशी बंद पडले आणि माझे अख्खे वर्ष घेऊन गेले. वडिलांची वही सेहेचाळीस वर्षे टिकली, माझी अकरा महिने. हे रडगाणे मी पुण्याच्या भाच्यापुढे गायले. तो संगणकातला माणूस.

"मामा, तू अ‍ॅपच्या नादी लागू नकोस," तो म्हणाला. "साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिही. आजोबा वहीत लिहायचे तसंच."

या पद्धतीला संगणकाची मंडळी साध्या मजकुरातले हिशेब म्हणतात. २००३ साली जॉन वीगली नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 'लेजर' नावाचा प्रोग्राम केला, तेथून तिचा प्रसार झाला. पुढे २००७ साली सायमन मायकेल यांनी 'एच-लेजर' सुरू केला, मार्टिन ब्ले यांचा 'बीनकाउंट' आला. तिघेही फुकट मिळतात. तिघांचे तत्त्व एकच : हिशेब माणसाने लिहायचा, तोही कुणालाही वाचता येईल अशा साध्या मजकुरात. प्रोग्रामने तो फक्त वाचायचा आणि बेरजा करून दाखवायच्या. उद्या प्रोग्राम नाहीसा झाला तरी लिहिलेले आपल्यापाशी राहते.

भाचा 'जर्नल' आणि 'लेजर' असे शब्द वापरीत होता. मला ते ऐकून गंमत वाटली. हे तर आपले कीर्द आणि खतावणी! कीर्दीत रोजच्या रोज घडेल तसे लिहायचे आणि खतावणीत तेच खातेवार लावायचे, हे मराठी कारकुनांना शिकवायची गरज कधीच नव्हती. पेशव्यांच्या रोजकीर्दी पुण्याच्या दफ्तरात आजही आहेत. कारकुनांचा जीव मेटाकुटीला येई तो कीर्दीने नव्हे, खतावणीने. प्रत्येक रक्कम दुसऱ्यांदा लिहायची आणि ताळा जमला नाही की रात्र जागवायची. हे नवे प्रोग्राम ही दुसरी मेहनत करतात. कीर्द आपण लिहायची, खतावणी यंत्र क्षणात मांडते.

नोंद कशी करायची तीही पाहा :

२०२४-०६-०३ वाण्याचे दुकान
    खर्च:किराणा    १२४०
    मत्ता:रोख

पहिल्या ओळीत तारीख आणि कारण. दुसऱ्या ओळीत पैसे कोठे गेले. तिसऱ्या ओळीत कोठून आले. तिसरीची रक्कम लिहिली नाही तरी चालते. यंत्र ती उणे १२४० धरते, कारण नोंदीची बेरीज शून्य आलीच पाहिजे. ही दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिसचे व्यापारी वापरीत आणि लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली तेथेच छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात ती सविस्तर सांगितली. खात्यांची नावे मराठीत चालतात, याचा मला कोण आनंद झाला! आकडे मात्र इंग्रजी वळणाचे लागतात. येथे छापताना मी ते देवनागरी केले आहेत.

पहिल्याच रात्री माझे आणि यंत्राचे भांडण झाले. खात्याचे नाव आणि रक्कम यांच्यामध्ये निदान दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. मी एकच सोडली. यंत्राने 'किराणा १२४०' हे सगळेच खात्याचे नाव मानले आणि दोन्ही ओळींना रक्कम नाही म्हणून तक्रार केली. भाच्याला फोन केला. तो हसून म्हणाला, "मामा, तू मुलांच्या अनुस्वाराचे गुण कापतोस ना? मग!"

२०२४ च्या १ जूनपासून आम्ही लिहायला लागलो. 'आम्ही' म्हणजे दिवसभरातले सौ. सांगणार आणि जेवणानंतर मी लिहिणार. दहा मिनिटांचे काम. कोथिंबिरीची जुडी वेगळी लिहीत बसलो नाही. किराणा आणि भाजी एकच खाते. खाती फार केली की माणूस महिन्याभरात कंटाळतो, हे वडिलांच्या वह्यांवरून मला माहीत होते. त्यांनीही 'किरकोळ' नावाचा एक मोठा रकाना ठेवला होता.

वर्ष उलटले. २०२५ च्या जुलैत, ५ तारखेला, मी यंत्राला विचारले. विचारायचे म्हणजे 'बॅलन्स', 'मंथली' आणि 'अ‍ॅव्हरेज' हे तीन इंग्रजी शब्द आणि 'खर्च' हा आपला, एवढे एका ओळीत टाइप करायचे. पडद्यावर तक्ता आला. डावीकडे खाती, वर महिने, उजवीकडे शेवटी सरासरी. तळाशी आकडा होता सुमारे ३०,९००.

मी चरकलो. पण तो आकडाही खरा नव्हता. जूनपासून जुलैपर्यंत १४ महिने झाले होते आणि त्यातल्या शेवटच्या जुलैचे जेमतेम ५ दिवस यंत्राने पूर्ण महिना म्हणून मोजले होते. अपुरा महिना धरला की सरासरी उगाच खाली येते. शिवाय तक्त्यात जून दोनदा आला होता आणि जून म्हणजे शाळेच्या फीचा महिना. यंत्राची यात चूक नाही. मी त्याला कोठून कोठपर्यंत मोज ते सांगितलेच नव्हते.

येथे मला आमच्या विषयातली एक गोष्ट आठवली. 'हिशेब', 'जमा', 'खर्च' हे शब्द जसे मराठीत अरबी-फारसीकडून आले, तसाच 'सरासरी'ही आला. फारसीत 'सर' म्हणजे डोके, टोक. 'सरासर' म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सबंध. आपण सरासरी म्हणजे 'अदमासे' असे समजतो. मूळ शब्द मात्र दोन्ही टोके धरायला सांगतो. टोके पक्की केल्याशिवाय सरासरी नाही, आणि मधले काही गाळायचे नाही.

मग मी टोके बांधून दिली. सुरुवात १ जून २०२४, शेवट ३१ मे २०२५. (येथेही एक खाच आहे. यंत्र शेवटची तारीख हिशेबात धरत नाही, तिच्या आदल्या दिवशी थांबते. म्हणून १ जून २०२५ असे लिहावे लागते.) वर्ष निवडताना शाळा, सण, लग्नसराई, पावसाळा सगळे एकेकदा यावे एवढे पाहिले. आकडा आला : १२ महिन्यांचा खर्च ३,८४,६००. सरासरी ३२,०५०.

मग माझे बावीस हजार आले कोठून? तेही तक्त्यातच सापडले. घरभाडे ७,०००, किराणा-भाजी ७,४००, दूध २,१००, वीज-गॅस-फोन २,५००, प्रवास २,२००. बेरीज २१,२००. हे खर्च दर महिन्याला भेटतात, म्हणून ते माझ्या लक्षात होते. बाकीचे वर्षातून एकदा किंवा दोनदा येतात आणि ओळख न दाखवता निघून जातात. विम्याचा हप्ता १८,०००, ऑगस्टात एकदाच. मी म्हणत असे, तो काय रोजचा खर्च आहे? नसेल. पण त्याचे १२ भाग केले की दरमहा १,५०० होतात. उरलेले ११ रिकामे रकाने यंत्राने शून्य म्हणून मोजले, मी मोजलेच नव्हते. असेच मुलीची शाळा २,७००, आईचे औषधपाणी ३,२००, आहेर आणि सणवार १,८००, स्कूटर-मिक्सरच्या दुरुस्त्या ९००, माझी पुस्तके आणि मासिके ७००. वर्षातला सगळ्यांत कमी खर्चाचा महिना फेब्रुवारी, २२,३०० रुपयांचा. सगळ्यांत जास्तीचा जानेवारी, ५१,३०० चा. ३२,०५० इतका खर्च तर एकाही महिन्यात झाला नव्हता. सरासरीचा महिना पंचांगात नसतोच. पण निदान तो वर्षाला पुरून उरतो. मी मात्र बाराही महिने फेब्रुवारीत राहत होतो!

हा आकडा खाली आणायची एक युक्ती मला सुचली. जानेवारीत आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, २४,००० रुपये. "ते काही दरवर्षी होत नाही," मी म्हणालो. "ते वगळले तर सरासरी ३०,०५० येते."

"दुसरा डोळा आहे की अजून," सौ. म्हणाली. "आणि तो झाला की तुमचे दात आहेत."

मोतीबिंदू तक्त्यात राहिला. अनपेक्षित खर्च कोणता येईल ते सांगता येत नाही, पण कोणता तरी येतो. असे खर्च गाळून काढलेली सरासरी कागदावर छान दिसते आणि जानेवारीत तोंडघशी पाडते.

एवढ्यावर हकीकत संपली असती तर बरे झाले असते. पण दुहेरी नोंदीत तिसरी ओळ असते : पैसे कोठून आले? कॉलेजचे २,७०,००० आणि खर्च ३,८४,६००. मधले १,१४,६०० कोणी भरले?

सौ. संध्याकाळी पहिली ते चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. ते पैसे स्वयंपाकघरातल्या एका स्टीलच्या डब्यात पडतात. हिशेबात मी त्या डब्याचे 'मत्ता:डबा' असे खाते केले होते. आता यंत्राला त्या खात्याच्या सगळ्या नोंदी काढायला सांगितल्या. पडदा भरून वाहू लागला. दूध, डबा. गॅस सिलिंडर, डबा. वहीचे कव्हर, डबा. आईचे डोळ्यांचे थेंब, डबा. वर्षभरात त्यात ९६,००० रुपये आले होते आणि सगळे गेले होते. पैसे बाहेर गेल्याच्या नोंदी २१४. उरलेले १८,६०० आमच्या बँकेतल्या आणि पतसंस्थेतल्या शिल्लकेतून गेले होते. दर रात्री या नोंदी मीच लिहिल्या होत्या. पण लिहिताना माझे लक्ष दुसऱ्या ओळीवर होते.

एक ओळ आणखी राहिली. सुरुवातीला मी हौसेने घरातल्या माणसांचीही खाती केली होती. त्यात एक 'खर्च:सौ.' होते, तिच्या स्वतःसाठी. वर्षाची सरासरी ५० रुपये. नोंदी दोन : चपला ३५० आणि चष्म्याची काडी २५०. त्याच्याच वरच्या ओळीत माझ्या पुस्तकांचे ७०० होते. गेल्या पाडव्याला ओवाळणीत मी १,००१ रुपये घातले होते, ते आठवून मी ते शोधले. ते डब्यात जमा झाले होते आणि तिसऱ्या दिवशी सिलिंडरला गेले होते.

मी तक्ता तिला दाखवला. तिने तो वरपासून खालपर्यंत पाहिला. "चष्म्याची काडी तर मोडली परत," एवढेच म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ५०० रुपये उरतात असे सांगून मी ज्या नोकरीला नाही म्हटले होते, ते ५०० रुपये कधी नव्हतेच. कविता शिकवायचे माझे व्रत तिच्या शिकवण्यांवर चालले होते, आणि मला ते ठाऊकही नव्हते. व्रत वाईट नाही. पण त्याचा खर्च कोण देते ते व्रतस्थाला माहीत असावे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघांनी तक्ता समोर ठेवून बसलो. क्लासवाल्यांना मी पुन्हा भेटलो. कॉलेज सोडणार नाही, पण दर रविवारी येईन असे सांगितले. ९,००० रुपये महिना ठरले, जाण्यायेण्याचे भाडे त्यांचे. वर्षाचे झाले १,०८,०००. कॉलेजचे धरून ३,७८,०००. खर्च तेवढाच राहिला तर वर्षाला ६,६०० कमी पडतात. म्हणजे डब्यातून महिन्याला ५५० घ्यावे लागतील, ८,००० नव्हे. भाव वाढतील हे मला समजते, पण आता वाढ किती झाली तेही समजेल. दुसरे असे ठरले की मानधनाचा हप्ता आला की आधी सुट्टीच्या ३ महिन्यांचे बाजूला काढायचे. ३२,०५० गुणिले ३, म्हणजे ९६,१५०. ते एका हप्त्यात साधणार नाही, पण किती साधायचे आहे ते आता आम्हाला माहीत आहे. माझे रविवार गेले. समासाचे पर्याय अ, ब, क, ड मी आता करतो. वाटले होते तितके ते वाईट नाही. मुले मन लावून ऐकतात.

वाचकांपैकी कुणाला हा उद्योग करायचा असेल तर माझा सल्ला थोडक्यात सांगतो. यंत्र नसले तरी वही चालेल, पण १२ महिने पुरे लिहा. अपुरा महिना धरू नका. वर्षातून एकदाच येणाऱ्याला परका समजू नका. नकोसा आकडा गाळू नका. आणि सरासरी हाती आली की तेथेच थांबू नका, पैसे कोठून आले ती ओळही वाचा.

आमच्या घरी आता हिशेब सौ. लिहिते. मी सांगतो, ती टाइप करते. दोन मोकळ्या जागा ती कधीच विसरत नाही. पहिल्याच दिवशी तिने एक बदल केला. 'खर्च:सौ.' हे खाते तिला पसंत नव्हते. साध्या मजकुराची हीच सोय की एक शब्द शोधून दुसरा घालायला सांगितला की सबंध फाइलभर तो बदलतो. तिने 'सौ.' काढले आणि तेथे स्वतःचे नाव घातले. गेल्या वर्षीच्या त्या दोन नोंदींवरही आता तिचे नाव आहे.

पाडवा जवळ आला आहे. व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतील, आम्ही संगणकाला हळदकुंकू वाहू. ओवाळणीचे पैसे यंदा डब्यात जायचे नाहीत, त्यांचे खाते तिनेच आधी ठरवून ठेवले आहे. चष्म्याची नवी फ्रेमही त्याच खात्यावर घ्यायची आहे.